विलायतेची वाट वजिराबादवरून

परवा पुतण्याचा मुलगा अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला जाऊन आला. आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. शिकायचा व्हिसा वेगळा, फिरायचा वेगळा, नोकरीचा वेगळा. खिडकीमागची मडम काय विचारते, तिला काय सांगायचं आणि काय चुकूनही सांगायचं नाही! मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "बाळा, हे सगळं आमच्या बापूसाहेबांनी निजामाच्या राज्यात करून ठेवलंय." तो हसला. मग मी एक किस्सा सांगितला, त्यातून दुसरा निघाला, आणि ताटातलं अन्न थंड झालं. किस्से एकेकटे येतच नाहीत. वऱ्हाडासारखे येतात, आणि शेवटच्या गाडीतून कोण उतरणार हे आधी सांगता येत नाही.

बापूसाहेब नांदेडला वजिराबादेत वकिली करायचे. मी रंगनाथ, त्यांच्या हाताखालचा नवा कोरा वकील. शेजारी मुनीरभाईंचा फोटो स्टुडिओ. नांदेडच्या आसपासच्या कुठल्याही पोराला विलायतेला शिकायला जायचं असलं, की त्यानं आधी बापूसाहेबांकडं यायचं आणि मग मुनीरभाईंकडं. बापूसाहेबांचा एक भाचा बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला होता, त्याचे कागद त्यांनी केले होते. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पुढं कितीतरी पोरं बोटीत बसवली. स्वतः मात्र पश्चिमेला मनमाडच्या पलीकडं कधी गेले नाहीत. मनमाडलासुद्धा गाडी बदलायला उतरले होते, असं माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या.

व्हिसा हा शब्द तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. इंग्रजाच्या मुलखात शिरायला पासपोर्ट पुरायचा. पण तो मिळायचा हैदराबादच्या कचेरीतून, आणि त्याआधी गावात पोलिसाची चौकशी व्हायची. मुलगा कोण, कुणाचा, चालचलन कसं, शिकून परत येणार की नाही. आज ती मडम जे विचारते तेच सगळं, फक्त उर्दूत.

*

बापूसाहेब पोराला समोर बसवून वाटा समजावून सांगायचे. वाटा तीन. पहिली, सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती. त्याला आपण इथलेच असल्याचा मुल्की दाखला आणि वर कुणाची तरी ओळख लागायची. दुसरी, घरच्या खर्चानं. तिला वडिलांची ऐपत आणि परत येण्याची हमी. तिसरी वाट सांगताना बापूसाहेब आवाज खाली आणायचे. एखादे नवाबसाहेब विलायतेला निघाले, की त्यांच्या लवाजम्यात नोकर म्हणून नाव घालायचं आणि तिकडं उतरल्यावर कॉलेजात जायचं.

ही तिसरी वाट खरोखर धरणारा एकच निघाला. हुशार पोरगा, कायदा शिकायला गेला. कागदोपत्री काम काय, तर हुक्का भरणं. बोटीवर नवाबसाहेबांनी त्याच्या हातचा हुक्का ओढला आणि त्यांना तो इतका आवडला, की लंडनमध्ये त्यांनी त्याला खोलीबाहेर सोडलंच नाही. नवाबसाहेबांबरोबर गेला तसा त्यांच्याबरोबरच परत आला.

बापूसाहेबांनी विचारलं, "काय शिकलास रे लंडनला?"

तो म्हणाला, "विलायती तंबाखू हुक्क्याला चालत न्हाई."

त्यानंतर बापूसाहेबांनी वाटा दोनच सांगायला सुरुवात केली.

*

बापूसाहेबांना उत्तर आलं नाही असा प्रश्न मी सहसा ऐकला नाही. एका पोरानं विचारलं, "विलायतेत थंडी किती असते?" बापूसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "माघात पहाटे माहूरच्या गडावर असते तेवढी. एक घोंगडी ज्यादा घे."

पोरगा घोंगडी घेऊन गेला. दोन महिन्यांनी त्याचं पत्र आलं, की इथं नळातलं पाणी गोठलंय, कान कापून पडतील असं वाटतंय, आणि घोंगडी अंगावर आहे की नाही तेही कळत नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बापूसाहेबांनी शांतपणे पानाला चुना लावला.

"म्हणजे यंदा माहूरलाही कडाक्याची पडली असणार," ते म्हणाले.

*

हैदराबादच्या कचेरीत साहेब कधी कधी पोराला समोर बोलवून दोन प्रश्न विचारायचा. त्याची तयारी बापूसाहेब आठवडाभर करून घ्यायचे. साहेब विचारणार, शिकून काय करणार? तेव्हा लगेच इंग्रजीत म्हणायचं, की मी परत येईन आणि रियासतीची सेवा करीन. लंडनला राहायला आवडेल असं म्हणालास, की पासपोर्ट गेलाच म्हणून समज. हे वाक्य पोरांनी आमच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत इतकं घोकलं होतं, की माईसुद्धा पोळ्या लाटताना ते म्हणायच्या.

लातूरकडचं एक घाबरट पोरगं हैदराबादला गेलं. साहेबानं मान वर केली आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग."

पोरगा म्हणाला, "मी परत येईन!"

साहेबानं बसायला सांगितलं. पोरगा उभ्या उभ्याच म्हणाला, "आणि रियासतीची सेवा करीन!" साहेबानं पुढं काही विचारलंच नाही, सही केली. बापूसाहेब ही आपली सर्वांत मोठी केस समजायचे.

*

आता मुनीरभाईंचा कोट. अर्जाला फोटो लागायचा, फोटोला कोट-टाय लागायचा, आणि आमच्या पोरांकडं कोट-टाय कुठून असणार? मुनीरभाईंनी एक काळा कोट आणि एक लाल टाय स्टुडिओत खिळ्याला टांगून ठेवला होता. जो येईल त्यानं तो चढवायचा, खुर्चीवर ताठ बसायचं आणि श्वास रोखायचा. टायवर शाईचा एक डाग होता, तोही प्रत्येक फोटोत यायचा.

शेवटी हैदराबादहून लेखी विचारणा आली, की नांदेडचा एकच इसम निरनिराळ्या नावांनी अर्ज करीत आहे काय? मी घाबरलो. बापूसाहेबांनी मला तिथल्या तिथं उत्तर लिहायला लावलं. "कोट एक आहे, इसम अनेक आहेत. कृपया कोटाच्या वरच्या भागाकडे पाहावे."

मुनीरभाईंनी मात्र ती तक्रार फार मनाला लावून घेतली. म्हणाले, "रंगनाथराव, बदनामी हो गई अपनी." आणि त्यांनी निळा टाय आणला.

*

या कोटानं एकदाच हार खाल्ली, ती बसवंतापुढं.

बसवंत लातूरजवळच्या मुरुडचा. मॅट्रिकला नांदेडला मावशीकडं राहायचा, म्हणून तेव्हापासून आमच्या ओसरीवर येणं-जाणं. पुढं हैदराबादला बी.एस्सी. झाला. उंच, आडवा, हात असे की बैलाचं जू एका हातानं उचलेल. त्याला मुनीरभाईंचा कोट बाहीतच अडकला. मुनीरभाईंनी सुस्कारा टाकला, कात्री घेतली आणि कोट पाठीवरून मानेपासून खालपर्यंत उभा चिरला. मग दोन्ही बाजू समोरून चढवल्या आणि मागं टाचण्या मारल्या. फोटो झकास आला. समोरून साहेब, मागून पैलवान! कोटाला नंतर पाठीवर शिवण आली, आणि पुढच्या पोरांना मुनीरभाई अभिमानानं ती दाखवायचे.

बसवंताला एडिंबरोला गुरांची डॉक्टरी शिकायची होती. हे ऐकून सगळे हसायचे. बॅरिस्टरीला जा, माणसांच्या डॉक्टरीला जा, पण गुरं? त्याचे वडील मन्मथप्पा मुरुडच्या बाजारपेठेतले आडते, बोलायला कमी आणि ठाम. ते एकदा मुद्दाम नांदेडला आले. बापूसाहेबांना म्हणाले, "वकीलसाहेब, ढोरांचं शिकायला विलायतेला? आपल्याकडं ढोरं कमी हायत का?"

बापूसाहेबांकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. याला त्यांनी चहा मागवला.

मन्मथप्पांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको असंही म्हटलं नाही. ते गेल्यावर बसवंत मला म्हणाला, "मी सातवीत होतो तवा आमच्याकडं गुरांवर बुळकांड्याची साथ आली. आठवड्यात गोठा मोकळा झाला. अप्पा रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे, कुनाशी बोलायचे न्हाईत. मला तेवढं एकच शिकायचंय." मला त्याचं त्या दिवसापासून कौतुक वाटायला लागलं, ते आजही वाटतं.

कॉलेजनं जागा धरली होती. पण सत्र सुरू व्हायच्या आत पोचायला हवं होतं, आणि युरोपात लढाई पेटणार अशा बातम्या रोज यायच्या. या बोटीनं गेला तर गेला. पुढची बोट निघेल की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

*

त्यात पहिला खोडा घातला फसली सनानं. आमच्या रियासतीचा कारभार फसली सनावर चालायचा, महिनेसुद्धा निराळे. शाळेच्या दाखल्यावर बसवंताची जन्मतारीख होती खुर्दाद महिन्यातली, सन तेराशे सव्वीस. हैदराबादच्या कचेरीत मद्रासकडून नवाच आलेला एक कारकून होता. त्यानं हा सन सरळ इंग्रजी धरला आणि कळवलं, की उमेदवाराचं वय सहाशे वर्षांच्या वर दिसतं, खुलासा करावा.

बापूसाहेब खुशीत आले. मला म्हणाले, "लिही. हे वय बरोबर धरल्यास उमेदवाराच्या प्रकृतीचा वेगळा दाखला जोडण्याची गरज राहत नाही." खाली खरी इंग्रजी तारीख मी आपली हळूच लिहिली.

*

जायच्या तयारीत माईंनी बसवंताला काटे-चमचे शिकवायला घेतले. भाच्यानं लंडनहून पाठवलेली जोडी घरात होती, ती एरवी दिवाळीला घासून परत ठेवायची. समोर ज्वारीची भाकरी. बसवंतानं काटा रोवला आणि सुरी चालवली. भाकरी ताटातून उडाली ती थेट बापूसाहेबांच्या कायद्याच्या पुस्तकावर.

बापूसाहेबांनी भाकरी उचलून बाजूला ठेवली. म्हणाले, "विलायतेत भाकरी नसते, म्हणून त्यांना हे जमतं."

*

आणि आता चौकशी. दिवस निजामाविरुद्धच्या सत्याग्रहाचे होते. रोज कुठल्या ना कुठल्या गावातून पोरं उचलून तुरुंगात नेत होते. त्यामुळं मुरुडमध्ये एक रीतच पडली होती. पोलिसानं कुणाचंही नाव घेऊन विचारलं, की न्हाई म्हणायचं. नाव नीट ऐकायच्या आधीच न्हाई म्हणायचं.

लातूरचे अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, बसवंताच्या चालचलनाची चौकशी करायला मुरुडात आले. बसवंत नांदेडला आमच्याकडं. पोलीस पाटलानं सांगितलं, की या नावाचं पोर गावात जन्मलेलंच न्हाई. न्हाव्यानं सांगितलं, की जन्मलं होतं, पण लहानपणीच पटकीनं गेलं. वाण्यानं सांगितलं, की गेलं हे खरं, पण सोलापूरला, गिरणीत. सगळ्यांनी आपापल्या परीनं पोराला वाचवलं!

अमीनसाहेब सरळ माणूस. ऐकलं ते लिहून पाठवलं. त्याची नक्कल आमच्याकडं आली, ती मला अजून तोंडपाठ आहे. "मजकूर इसम पैदा नहीं हुआ, फौत हो चुका है, और शोलापूर में है."

मुनीरभाई हसून हसून ओसरीवर आडवे झाले. मीही हसलो. बसवंत हसला नाही. कागदावर तो नव्हताच, तर पासपोर्ट कुणाला देणार? हैदराबादनं अर्ज बंद करत असल्याचं कळवलं होतं. बोटीचा दिवस जवळ आला होता. तो खाली बघत म्हणाला, "बापूसाहेब, र्‍हाऊ द्या आता."

बापूसाहेबांनी टोपी डोक्यावर घातली. "वेडा आहेस का? लोकांचे खून झाले नाहीत हे मी सिद्ध केलंय. तू जिवंत आहेस एवढं सिद्ध करणं काय अवघड आहे? रंगनाथ, मोटारीची जागा बघ."

*

आम्ही तिघं मोटारीनं लातूरला गेलो. अमीनसाहेबांना भेटून पुन्हा चौकशी करायची विनंती केली. ते म्हणाले, उद्या सकाळी मुरुडला चावडीवर या, सगळ्यांसमोर विचारतो. संध्याकाळी आम्ही मुरुड गाठलं. बापूसाहेबांनी मन्मथप्पांना सगळं समजावलं. ही धरपकड नाही, शिक्षणाची चौकशी आहे, उद्या फक्त खरं बोलायचं. मन्मथप्पा प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणाले आणि आम्हाला आग्रह करकरून जेवू घातलं. बापूसाहेब निर्धास्त झोपले.

आम्ही झोपल्यावर गावातली चार जाणती माणसं मन्मथप्पांकडं आली होती, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्यांचं म्हणणं, पलीकडच्या गावातून अशीच दोन पोरं नोकरी लावतो म्हणून गोड बोलून नेली. हा वकील तरी कुणाचा, काय सांगावं?

सकाळी चावडीवर सगळं गाव. अमीनसाहेब खुर्चीवर, शेजारी मुन्शी दौत-लेखणी घेऊन, बाजूला दोन जवान. बसवंत मधोमध उभा. बापूसाहेबांनी खाकरून सुरुवात केली, की हाच तो बसवंत, गावानं आता ओळख द्यावी.

पोलीस पाटील पुढं आला. बसवंताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं म्हणाला, "पाव्हणं, कुठलं गाव म्हनायचं तुमचं?"

न्हावी आला. म्हणाला, या चेहऱ्याला माझा वस्तरा कधी लागला न्हाई. त्यानं सकाळीच केलेली दाढी आम्ही बघितली होती, हनुवटीवरचा ओरखडाही ताजा होता. वाण्यानं मान हलवली. बसवंत कळवळून एकेकाला हाक मारत होता, तात्या, मामा, अहो मी बसू! जो तो दुसरीकडं बघत होता. शेवटी अमीनसाहेबांनी मन्मथप्पांना पुढं बोलावलं. तुमचा मुलगा आहे का हा?

मन्मथप्पांनी बसवंताकडं बघितलंच नाही. "न्हाई," ते म्हणाले.

मी आयुष्यात पुष्कळ कोर्टं पाहिली, पण असली साक्ष पुन्हा कधी ऐकली नाही. बसवंताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बापूसाहेब काहीतरी बोलायला लागले, पण अमीनसाहेबांचा पारा चढला होता. गाव ओळखत नाही, बाप ओळखत नाही, म्हणजे हा कुणीतरी खोट्या नावानं विलायतेला पळायला निघालाय. असल्यांना काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जवानांना खूण केली.

"ले चलो इसको लातूर."

दोघांनी बसवंताला दंडाला धरलं. गाव जागच्या जागी थिजलं. वाचवायला म्हणून जे केलं, त्यानंच पोर चाललं होतं.

मन्मथप्पा चावडीच्या पायऱ्या उतरून आडवे आले. वय साठीच्या घरातलं, डोक्याला फेटा, कपाळावर भस्म. त्यांनी दोन्ही हात जोडून मनगटं अमीनसाहेबांपुढं धरली, बेडी घालायला धरतात तशी.

"त्याला सोडा. बसवंत मी हाय."

कुणी हसलं नाही. अमीनसाहेबांनी हातातला कागद बघितला, मग म्हातारा बघितला.

"उमर बाईस?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"बी.एस्सी. पास?"

"हाव."

"आणि गुरांची डॉक्टरी शिकायला विलायतेला तुम्हीच जाणार?"

मन्मथप्पांनी मनगटं आणखी पुढं केली. "जानार. लई दिसापासून जायचंय मला."

अमीनसाहेबांनी कागद मुन्शीपुढं ठेवला. त्यांनी जवानांना हातानंच मागं व्हायला सांगितलं आणि बसवंताकडं बोट केलं. आवाज एकदम खाली आला होता.

"तो फिर ये कौन है, चाचा?"

मन्मथप्पांनी मान वळवली आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"ह्यो? ह्यो माझा ल्योक."

अमीनसाहेब खुर्चीवर बसले. मुन्शीला म्हणाले, "लिख. बसवंत वल्द मन्मथप्पा. मौजूद है. चालचलन अच्छा."